पर्यावरण कायद्याची एकदा झाडाझडती घ्या : महाराष्ट्र-गोव्याच्या खासदारांना खुलं पत्र

सन्माननीय खासदार,



लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे २, राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १, असे आपण एकूण सत्तर जण. पक्ष वेगवेगळे आहेत, पण पत्र सगळ्यांना एकच लिहितो आहे. ज्या कायद्याबद्दल बोलायचं आहे त्याची हेळसांड कुठल्या एका पक्षाच्या सरकारने केलेली नाही, आणि ती थांबवणंही एका पक्षाला जमणार नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याच्या आधाराने निघालेल्या सगळ्या अधिसूचना यांचा स्वतंत्र आढावा घेण्यासाठी समिती नेमावी. ती मंत्रालयाबाहेरच्या जाणत्या माणसांची असावी, तिला पुरेसा वेळ मिळावा आणि तिने जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन लोकांचं त्यांच्या भाषेत ऐकावं. असा आढावा दर दहा वर्षांनी घेणं कायद्यातच बंधनकारक करावं. यातला अर्धा भाग मी नव्याने मागत नाही. संसदेच्याच स्थायी समितीने तो २०१५ मध्ये सुचवला होता. त्याकडे पुढे येतो.

हा कायदा भोपाळच्या प्रेतांवर उभा राहिला. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली आणि १९ नोव्हेंबर १९८६ पासून कायदा अमलात आला. कलमं अवघी सव्वीस. पण तिसऱ्या कलमाने केंद्र सरकारला पर्यावरण राखण्यासाठी लागतील ते सर्व उपाय योजण्याचा अधिकार दिला आणि पाचव्या कलमाने कारखाना बंद करण्याचा, त्याचं वीज-पाणी तोडण्याचा. त्या काळात एवढी ताकद हवीच होती. गोम अशी की संसदेने ताकद दिली, पण ती कशी वापरायची हे सांगितलंच नाही. कोणत्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागेल, त्याचा अभ्यास कोण करेल, गावाला विचारायचं की नाही, किनाऱ्यापासून किती अंतरावर बांधकाम चालेल, यातलं काहीही मूळ कायद्यात नाही. ते सगळं अधिसूचनांमधून आलं. मंजुरीची प्रक्रिया १९९४ मध्ये आली आणि २००६ मध्ये नव्याने लिहिली गेली. किनारपट्टीचे नियम १९९१ मध्ये आले, मग २०११ मध्ये बदलले, मग २०१९ मध्ये.

जे अधिसूचनेने मिळालं ते अधिसूचनेने जातं. कधीकधी तर मंत्रालयातल्या एखाद्या कार्यालयीन ज्ञापनाने जातं. ८ सप्टेंबर २०२५ च्या अशाच एका ज्ञापनाने अणुखनिजं आणि महत्त्वाची व सामरिक खनिजं यांच्या खाणींना लोकांशी सल्लामसलत करण्याच्या अटीतून सूट मिळाली. आपल्यापैकी कुणाला त्यावर मत द्यावं लागलं नाही. चर्चासुद्धा करावी लागली नाही. गावातल्या माणसाचा बोलण्याचा हक्क एका पत्रकाने जातो आणि तो ज्याला निवडून देतो त्या खासदाराला याचा पत्ताही लागत नाही. कायद्याचा हा सगळ्यात मोठा दोष आहे असं मला वाटतं.

ही सल्लामसलत प्रत्यक्षात कशी होते हे आपण कधी बसून पाहिलंय का, ठाऊक नाही. आमच्या भागातल्या एका जनसुनावणीचं सांगतो. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, एका बाजूला कंपनीची मंडळी, भोवती पोलीस. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मूळ अहवाल इंग्रजीत, हातात धरवणार नाही इतका जाड. मराठीत होता तो फक्त सारांश, थोड्या पानांचा, आणि त्याची भाषा अशी की वाचणाऱ्याने दोनदा वाचूनही अर्थ लागू नये. त्यात खाडीबद्दल लिहिलं होतं की प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाण्यात मिसळून विरळ होईल आणि परिणाम नगण्य राहील.

भोईवाडीतली एक बाई उठली. माईक हातात घेण्याची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "ओहोटीला तुमचं पाणी खाली जाईल, ते कळलं. भरतीला खाडी उलटी वर चढते. तेव्हा ते जाणार कुठं? आमच्याच दारात ना?"

कंपनीच्या सल्लागाराने पानं चाळली. तो बाहेरच्या शहरातून आलेला होता. मुद्दा नोंदवून घेतो, अंतिम अहवालात त्याचा समावेश करू, असं तो म्हणाला. त्या बाईने विचारलेला प्रश्न खाडीच्या अभ्यासातला पहिला प्रश्न असायला हवा होता. भरतीचं पाणी किती वर येतं, किती वेळ थांबतं, कुठल्या महिन्यात कुठली मासळी त्या पाण्यात अंडी घालते, हे तिच्या वाडीतल्या कुणालाही तोंडपाठ असतं. अहवाल लिहिणाऱ्याने त्या वाडीत पाऊलही टाकलेलं नव्हतं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीला तीस दिवस आधी नोटीस लागते आणि शेवटी कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. पण किमान किती लोक हजर असावेत याची अट नाही. आणि लोकांनी घेतलेल्या हरकतींना उत्तर लिहायचं काम पुन्हा प्रकल्प उभारणाऱ्याकडेच असतं, म्हणजे त्याने पैसे देऊन नेमलेल्या त्याच सल्लागाराकडे.

अशा व्यवस्थेतून काय निघतं, ते आपल्याच राज्यात उघड झालेलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात रशियातल्या बॉक्साईट खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवला होता. हे प्रकरण २००७ मध्ये बाहेर आलं. इथल्या पक्ष्यांचा मुख्य निवारा म्हणून त्यात स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांचा उल्लेख होता. जिथे ऐन, किंजळ आणि करवंदीच्या जाळ्या आहेत त्या डोंगरांबद्दल कुणीतरी हे लिहिलं आणि सहीशिक्क्यानिशी सरकारदरबारी सादर केलं. त्यानंतर सल्लागारांना मान्यताप्राप्त असणं बंधनकारक झालं, ही सुधारणा मी मान्य करतो. पण पैसे देणारा तोच राहिला. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण अर्जातच आजूबाजूची वनं आणि संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती नीट दिलेली नव्हती. तज्ज्ञ समितीला सगळं पुन्हा तपासावं लागलं आणि स्थगिती उठायला २०२० उजाडलं. ज्यांना विमानतळ लवकर हवा होता त्यांचंही यात नुकसानच झालं.

यावरचा उपाय मंत्रालयाला सापडलेला आहे, हे सांगायला हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम आले. कोणता लेखापरीक्षक कोणत्या प्रकल्पाकडे जाईल हे कंपनीने ठरवायचं नाही, नेमणूक यादृच्छिक पद्धतीने होईल, असं तत्त्व त्यात आहे. हितसंबंध आड येऊ नयेत म्हणून. मग जो अहवाल मंजुरीचा पाया असतो, त्याच्या लेखकाला हे तत्त्व का लागू नाही? प्रकल्पाने पैसे एका सामाईक निधीत भरावेत आणि सल्लागार स्वतंत्र यंत्रणेने नेमावा. एवढ्या एका बदलाने निम्मं भांडण मिटेल.

आता २०१४-१५ कडे येतो. २९ ऑगस्ट २०१४ रोजी सरकारने माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वन, वन्यजीव, पाणी, हवा, पर्यावरण अशा विषयांवरचे सहा कायदे तिने तपासायचे होते, त्यातला एक १९२७ चा. समितीने १८ नोव्हेंबरला अहवाल दिला. म्हणजे सहा कायद्यांसाठी तीन महिनेही मिळाले नाहीत. केंद्रात आणि राज्यांत नव्या व्यवस्थापन संस्था उभाराव्यात, एक नवा एकत्रित कायदा करावा, या त्यातल्या शिफारशी विचार करण्याजोग्या होत्या. पण सगळ्याचा गाभा असा होता की प्रकल्प उभारणारा जी माहिती देईल ती परम सद्‌भावनेने दिली आहे असं मानून चालावं, आणि ती खोटी निघाली तर कडक कारवाई करावी. रत्नागिरीच्या डोंगरात बर्चची झाडं वाचलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे. नदी एकदा नासली की मागाहूनच्या दंडाने ती परत येत नाही.

हा अहवाल संसदेच्या विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण व वने विषयक स्थायी समितीपुढे गेला. अध्यक्ष होते अश्वनी कुमार. समितीत निरनिराळ्या पक्षांचे सदस्य होते. २०१५ च्या जुलैमध्ये त्यांनी सांगितलं की एवढ्या मोठ्या कामाला दिलेला वेळ फारच अपुरा होता, परम सद्‌भावनेच्या कल्पनेबद्दल गंभीर शंका आहेत, आणि सरकारने रीतसर पद्धतीने, या क्षेत्रातल्या नामवंत तज्ज्ञांची दुसरी समिती नेमून तिला पुरेसा वेळ द्यावा हे बरं. ती दुसरी समिती आजवर नेमली गेली नाही.

आढावा झाला नाही म्हणून कायदा जागच्या जागी राहिला असं मात्र नाही. तो तुकड्यातुकड्याने बदलत राहिला. २०२० च्या मार्चमध्ये, देश टाळेबंदीत जात असताना, मंजुरीच्या प्रक्रियेचा नवा मसुदा आला. तोही फक्त इंग्रजी आणि हिंदीत. सुनावणीच्या नोटिशीचे तीस दिवस वीसवर आणावेत असं त्यात होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत मसुदा उपलब्ध करा असं सांगितलं, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. मराठीत मसुदा द्यायला एवढी हरकत का असावी, याचं उत्तर महाराष्ट्राच्या खासदारांनी तेव्हाच मागायला हवं होतं. लोकांनी मात्र लाखोंच्या संख्येने हरकती पाठवल्या.

त्यानंतर २०२३ चं पावसाळी अधिवेशन. २५ जुलै ते २ ऑगस्ट या नऊ दिवसांत जैवविविधता कायद्यातली दुरुस्ती, वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती आणि जन विश्वास विधेयक ही तिन्ही दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. यातल्या जन विश्वासने पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा काढून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. तो ठरवणार सरकारी अधिकारी. दंडही भरला नाही तरच तुरुंगाचा प्रश्न येतो. जुन्या कलमाखाली शिक्षा क्वचितच होत असे, हा सरकारचा युक्तिवाद चुकीचा नाही. पण मोठ्या रसायन कारखान्याला पंधरा लाख म्हणजे किती? ज्या कायद्याचा जन्म भोपाळमधून झाला त्याची ही कमाल मर्यादा आहे. आपल्यापैकी जे तेव्हा सभागृहात होते त्यांनी या आकड्याचा हिशेब कुणाकडून घेतला होता का?

आणि आधी बांधकाम, मग मंजुरी हा प्रकार. मार्च २०१७ मध्ये सहा महिन्यांसाठी, एकदाच, म्हणून ही खिडकी उघडली. जुलै २०२१ च्या कार्यालयीन ज्ञापनाने तिला कायमची चौकट बसवली. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी १६ मे २०२५ रोजी दोन्ही रद्द केली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. न्यायमूर्ती भुयान यांचं मत वेगळं होतं. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले प्रकल्प पाडावे लागतील, ही बहुमताची चिंता मी समजू शकतो. पण पूर्वपरवानगीचा नियम मोडणाऱ्याला मागाहून परवानगी मिळते का, हा प्रश्न सहा महिन्यांत दोन उलटसुलट निकालांवर का सोडायचा? त्याचं उत्तर कायद्यात हवं, आणि कायदा आपण करता.

कायदा चांगला वापरला तर काय होतं हेही महाराष्ट्रानेच पाहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं, याच कायद्याच्या कलम ३(३) खाली. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, २०१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारलं. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. टाळाटाळ झाली तेव्हा तीनशे कोटींची बँक हमी मागितली. २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. चिकू बागायतदार, वारली शेतकरी, मच्छीमार यांना आपलं म्हणणं मांडायला दिल्ली गाठावी लागत नव्हती. वीज केंद्र बंद पडलं नाही, ते चालतच राहिलं. पुढे २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणला सशर्त संमती दिली, आणि तो निर्णय मला पटलेला नाही. तरीही एका तालुक्यात स्वतंत्र यंत्रणा वीस वर्षं काम करू शकते हे सिद्ध झालं. देशासाठीही असाच राष्ट्रीय नियामक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये लाफार्ज प्रकरणात सांगितलं होतं. २०१४ च्या जानेवारीत तर ३१ मार्चपर्यंतची मुदतही घातली होती. कलम तेच, ३(३). नियामक आलाच नाही.

उलट ज्या माणसांनी कायद्याची राखण करायची ती प्रदूषण नियंत्रण मंडळांत नाहीतच. देशभरातल्या मंडळांतली जवळपास निम्मी मंजूर पदं रिकामी असल्याचं केंद्रीय मंडळानेच हरित लवादापुढे मांडलं आहे. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीपासून दाभोळच्या खाडीपर्यंत राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रात्री नाल्यात पाणी सोडलं, सकाळी मासे पालथे तरंगले, नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत दोन भरत्या येऊन गेलेल्या असतात. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीच्या अहवालात याच जिल्ह्यातली एक नोंद आहे. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचा आदेश लागू होता. पाच माणसांनी एकत्र येऊन तक्रारही करायची नाही, आणि त्यालाच लोकसहभाग म्हणायचं.

त्या अहवालाची कथा आपल्याला माहीत आहे. ३१ ऑगस्ट २०११ ला तो सरकारकडे गेला आणि माहिती अधिकारात लढाई झाल्यावर मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. मधल्या काळात अफवांनी जागा घेतली. शेती करता येणार नाही, घर बांधता येणार नाही, असं सिंधुदुर्गात वाडीवाडीवर सांगितलं गेलं. लोकांनी विरोध केला तो न वाचलेल्या अहवालाला. ग्रामसभांनी ठरवावं असं सांगणारा अहवाल ग्रामसभांपर्यंत कुणी पोहोचवलाच नाही. नंतर कस्तुरीरंगन समिती झाली आणि पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर खाली आला होता. त्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. म्हणजे हा आपल्या मतदारसंघांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या देशाचं अनुकरण करा असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या राष्ट्रीय पर्यावरण कायद्यातच लिहिलं आहे की दर दहा वर्षांनी त्याचा स्वतंत्र आढावा घ्यायचा. पहिला २००९ मध्ये झाला. दुसऱ्यासाठी ग्रॅम सॅम्युएल यांना वर्षभर मिळालं. त्यांनी मधला अहवाल आधी लोकांपुढे ठेवला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ३८ शिफारशींसह अंतिम अहवाल दिला. हा कायदा निसर्ग वाचवण्यात कुचकामी ठरला आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं. तिथेही खाणवाल्यांचं वजन कमी नाही. सरकार बदललं, पाच वर्षं रखडलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दुरुस्त्या मंजूर झाल्या. राष्ट्रीय मानकं आणि स्वतंत्र पर्यावरण प्राधिकरण यांची तरतूद झाली. तिथल्या पर्यावरणवाद्यांचं त्यानेही समाधान झालेलं नाही. पण अहवाल लोकांसमोर होता, त्यामुळे प्रत्येक सरकारला त्याचं उत्तर द्यावं लागलं. आपल्या कायद्याला चाळीस वर्षं होत आली आणि असं उत्तर देण्याची वेळ एकाही सरकारवर आलेली नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की आढाव्याच्या नावाखाली उद्योगांना अडवायचं आहे. तसं नाही. लोटे, तळोजा, तारापूर इथे आमचीच मुलं कामाला जातात, रिअ‍ॅक्टर फुटला की तीच भाजतात. परवानगीला वर्षानुवर्षं लागू नयेत हे उद्योजकाचं म्हणणं रास्त आहे. पण जो अहवाल मुळात खरा असतो त्याला न्यायालयात स्थगिती मिळत नाही, आणि ज्या गावाला आधी नीट विचारलेलं असतं ते रस्त्यावर येत नाही. दोन्ही बाजूंना आज कायद्याचा भरवसा वाटत नाही, म्हणूनच तो तपासायची वेळ आली आहे.

आपण सत्तर जण एका गोष्टीवर एकत्र आलात तर ती टाळणं कुठल्याही मंत्र्याला सोपं नाही. येत्या अधिवेशनात पहिलं काम म्हणून पर्यावरण मंत्र्यांना एक प्रश्न लेखी विचारा : २०१५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने सुचवलेली तज्ज्ञांची समिती आजवर का नेमली नाही, आणि ती कधी नेमणार? जे उत्तर येईल ते मराठीत आणि कोकणीत आमच्या ग्रामपंचायतींना पाठवा.

आपला,
खाडीकाठचा एक मतदार, जिल्हा रत्नागिरी